आरएक्स १०० चं इंजिन घरी करताय? स्पीड नको, माप विका

या वेळच्या व्हिडिओत टेबलावर उघडून ठेवलेलं इंजिन तुम्ही बघितलंत. पिस्टन कसा काढायचा, सर्क्लिप कशी बसवायची हे तिथे दाखवलं. त्या कामातून चार पैसे कसे सुटतात, ते इथे निवांत बोलू.

यामाहाची आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ च्या अखेरीस आली, १९९६ मध्ये बंद झाली. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ताकद ११ हॉर्सपॉवर. त्याच सुमाराला बजाजची कावासाकी केबी १०० निघायची, पुढे सुझुकीची शोगन आली. त्या गाड्या बनायच्या थांबल्या, पण संपल्या नाहीत. कोपरखैरण्याच्या बैठ्या घरांसमोर, नेरुळच्या सोसायटीत ताडपत्रीखाली त्या अजून उभ्या आहेत. मालक आता पन्नाशीला आलाय, हातात पैसा आहे, वडिलांची किंवा कॉलेजातली गाडी परत चालू करायची इच्छा आहे. अडचण एकच. जवळच्या गॅरेजमधली पोरं फोर-स्ट्रोकवर शिकलेली. तुमची जागा इथे आहे.

पण बरेच जण सुरुवातच उलटी करतात. यूट्यूब बघून पोर्ट घासायला घेतात, १३५ चा ब्लॉक चढवतात, मोठा कार्ब्युरेटर लावतात आणि “ट्यूनिंग करून मिळेल” असा बोर्ड. माझं मत विचाराल तर या रस्त्याने जाऊच नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर लिहिलेल्या मूळ गाडीत आणि रस्त्यावरच्या गाडीत फरक चालत नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. ९८ सीसीच्या गाडीत १३२ सीसीचा ब्लॉक म्हणजे सरळ भंग. शिवाय या सगळ्या गाड्या पंधरा वर्षं ओलांडून गेल्यात, म्हणजे दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण आलं. तुमच्या ‘ट्यूनिंग’मुळे ग्राहकाची गाडी पासिंगला अडकली, तर तो परत तुमच्याच दारात.

आणि गंमत बघा, एक्झॉस्ट पोर्ट वर उचलला की ताकद वरच्या आरपीएमला सरकते, खालचा ओढा मरतो. सायन-पनवेल हायवेच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चालणाऱ्या माणसाला ते इंजिन काय कामाचं?

मग विकायचं काय? कंपनीतून आलं होतं तसं इंजिन, आणि त्याची लेखी मापं.

आता जरा खोलात जाऊ, कारण सगळा नफा-तोटा या मापांत आहे. या इंजिनाचा बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोकही ५०. सिलिंडर झिजला की पाव-पाव मिलिमीटरने मोठा करत जातात. अर्ध्या मिलिमीटरचा बोअर मारला तरी इंजिन जेमतेम १०० सीसीचं होतं, म्हणजे ही दुरुस्ती आहे, बदल नाही. बोअर तुम्ही घरी मारणार नाही, लेथवाला मारणार. तुर्भे, रबाळे, महापेच्या एमआयडीसी पट्ट्यात मशीनवर हात बसलेली माणसं शोधा. पण त्याच्याकडे नुसता सिलिंडर देऊन “अर्ध्याचा मार” असं सांगून येऊ नका. आधी पिस्टन विकत घ्या, मायक्रोमीटरने मोजा, पिस्टन आणि सिलिंडर दोन्ही द्या आणि मॅन्युअलमधलं क्लिअरन्स चिठ्ठीवर लिहून द्या. परत आल्यावर पोर्टच्या कडा बोटाने तपासा. धारदार राहिल्या तर रिंग अडकून तुटते. दहा मिनिटांचं बारीक पॉलिशपेपरचं काम आहे, पण अनेक जण विसरतात.

क्रँकचंही तसंच. कनेक्टिंग रॉडचं किट बदलायचं तर क्रँक प्रेसमध्ये उघडावा लागतो आणि बसवल्यावर डायल गेजवर सरळ करावा लागतो. हातोड्याने “अंदाजे” सरळ करणारा मिस्त्री स्वस्त पडतो, पण तुमचं नाव घालवतो.

सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे क्रँकची ऑइल सील. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण क्रँककेसमधून जातं. मॅग्नेटोकडची सील गळली की बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि सीझ. क्लचकडची गळली की गिअर ऑइल आत ओढलं जातं, मागे पांढरा धूर. ही तपासणी घरी होते. इनलेट आणि एक्झॉस्ट रबराच्या बुचाने घट्ट बंद करा आणि ब्लड प्रेशर मोजायच्या जुन्या मशीनच्या फुग्याने आत हवा भरा. काटा २६० वर नेला की साधारण ५ पीएसआय. पाच-सहा मिनिटं काटा जागेवर राहिला तर ठीक, उतरला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. काटा स्थिर असल्याचा फोटो ग्राहकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. तुमची जाहिरात तीच.

आणखी एक नवी डोकेदुखी. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्याने मिश्रण पातळ होतं, शिवाय ते ओलावा ओढतं, आणि आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला माहीत आहे. कार्ब्युरेटरमधली जुनी रबरं बदला, मेन जेट प्लगचा रंग बघून ठरवा. तपकिरी बरा, पांढरा पडला तर लगेच थांबा. गाडीला मूळ ऑइल पंप असेल तर नळीतली हवा काढल्याशिवाय किक मारू नका. नाहीतर पहिल्या दोन किलोमीटरमध्ये नवा पिस्टन गेला.

आता हिशोब. आकडे उदाहरणादाखल आहेत, भाव तुम्ही ताजे काढा. पार्ट आणि लेथचे पैसे ग्राहकाचे. समजा मजुरी ४,५०० घेतली, त्यातून सटरफटर सामान आणि रिक्षा-टेम्पोचे ९०० गेले, उरले ३,६००. काम चौदा तासांचं, म्हणजे तासाला साधारण २५७ रुपये. आता पाच इंजिनांतलं एक सीझ होऊन परत आलं. पिस्टन किट आणि बोअर मिळून २,१०० तुमच्या खिशातून, वर आठ तास. पाच कामांचे १८,००० वरून १५,९०० झाले, तास सत्तरचे अठ्ठ्याहत्तर. तासाचा भाव २०४ वर आला. आणि ज्याची गाडी पामबीचवर बंद पडली तो दहा जणांना सांगणार, ते या हिशोबात धरलेलंच नाही.

कागदाचं काम फार नाही. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. मोजकीच माणसं कामाला असतील तर महाराष्ट्रात दुकान कायद्याखाली फक्त सूचना द्यायची असते. सोसायटीत राहत असाल तर इंजिन घरी जुळवा, पण चालू करून बघायला गाडी दुसरीकडे न्या. रात्री नऊला टू-स्ट्रोक फुंकाल तर सेक्रेटरी दुसऱ्या दिवशी दारात. आणि काम घेताना आरसीवरचा इंजिन नंबर, चेसिस नंबर गाडीशी जुळवून फोटो काढून ठेवा. नंबर खोडलेला दिसला, तर कितीही पैसे देऊ करो, हात लावू नका.

पहिलं इंजिन घरातल्याच किंवा मित्राच्या गाडीचं करा, पण जॉब कार्ड पूर्ण भरा: पिस्टनचं माप, बोअरचं माप, क्रँकचा डायल गेजवरचा आकडा, काटा किती मिनिटं टिकला, कुठला जेट, प्लगचा फोटो, आणि पहिल्या ५०० किलोमीटरनंतरच्या फेरतपासणीची तारीख. ग्राहक “तुम्ही आधी कुठे केलंय?” असं विचारेल, तेव्हा हेच कार्ड त्याच्या हातात द्या.