शब्दाचें माध्यम व जुन्या वास्तूंची परीक्षा

शब्द हा आकाशाचा गुण, हें न्यायमत वाचकांस विदितच आहे. तो कर्णापर्यंत कसा पोंचतो हें सांगतांना भाषापरिच्छेदांत विश्वनाथानें 'वीचितरंग' व 'कदंबगोलक' असे दोन न्याय दिले आहेत. शबरस्वामी मात्र हें कार्य वायूच्या संयोगविभागांकडे सोंपवितात. इ. स. १६६० त प्रसिद्ध झालेल्या रॉबर्ट बॉइलच्या प्रयोगांत पात्रांतील वायु काढून घेतां आंतील घड्याळाचा आवाज मंदावला. तेव्हां शब्दास द्रव्याचें माध्यम लागतें, व या अंशीं मीमांसकांचें मत अधिक जवळचें ठरतें.

परंतु वायु हेंच एक माध्यम नव्हे. २० अंश उष्णमानाच्या हवेंत शब्द सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो, पाण्यांत सुमारें १,४८० व लोखंडांत सुमारें ५,०००. लोखंड हवेहून कितीतरी जड असतां वेग अधिक कां? वेग केवळ जडपणावर नव्हे, तर दाबलेलें द्रव्य किती जोरानें पूर्ववत् होतें यावरही अवलंबून असतो. आणि लोखंडाचा हा ताठरपणा त्याच्या जडपणाच्या मानानें फारच मोठा आहे.

एका द्रव्यांतून दुसऱ्यांत शिरतांना मात्र शब्द बहुतांशीं परततो. इंदापूर तालुक्यांतील पळसदेवाचें जुनें देऊळ उजनीच्या जलाशयांत बुडालें असून पाणी ओसरलें म्हणजे दृष्टीस पडतें. तें पाण्याखालीं असतां कांठावर घंटा वाजविली, तर तिच्या नादाचा हजारांत एखादाच अंश पाण्यांत उतरेल.

हाच नियम संशोधकाच्या उपयोगी आहे. बारामतीस कऱ्हेकांठचा बाबूजी नाईकांचा वाडा किंवा इंदापुरास मालोजीराजांची गढी अशा वास्तूंच्या भिंतींवर लांकडी हातोडीनें हलकेंच ठोकावें. भरीव भिंतीचा आवाज तुटक व बद्द येतो. पातळ दर्शनी थरामागें पोकळी असल्यास कंप मागील भरावांत न जातां त्या थरांतच घुमतो व आवाज पोकळ लागतो. तथापि सुटलेला गिलावाही असाच वाजतो. म्हणून पोकळ नाद हा संशय होय, प्रमाण नव्हे. एवढ्यावरून भिंत फोडूं नये. आधीं आंतबाहेरून मापें घेऊन जाडी ताडून पाहावी, नकाशावर खूण करावी व मालकाची आणि अधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी.

ज्या गांवीं मोरोपंतांनीं (१७२९–१७९४) काव्यरचना केली, तेथील जुनें घर पाडावयास निघालें असतां तर ही परीक्षा अवश्य करावी. बुजविलेल्या कोनाड्यांत एखादें दप्तर असलें, तर पहारीच्या पहिल्या घावासरशीं तें मातींत मिळतें. व मातींत मिळालेली पोथी पुन्हा वाचतां येत नाहीं.