वुजूचे पाणी, परसातले बटाटे

जळगाव-धुळ्याच्या अनेक वस्त्यांत नळाला रोज पाणी येत नाही. तरी थंडीत परसात बटाटे होऊ शकतात. वुजूच्या पाण्यात साबण नसतो. ते बादलीत धरून सकाळी सरीत सोडावे.

बटाट्याची मुळे उथळ असतात, म्हणून पाणी थोडे, पण ठरावीक दिवसांनी द्यावे. लावणीनंतर महिनाभराने बटाटे धरतात. तेव्हा ताण पडला तर ते लहान राहतात. नंतर एकदम भरपूर पाणी दिले की तडकतात. आपली काळी माती ओल धरते. बोटाने उकरून पाहावे. ओल असेल तर थांबावे, नाहीतर बटाटे कुजतात. काढणीआधी आठ-दहा दिवस पाणी तोडावे, म्हणजे साल पक्की होऊन बटाटे टिकतात.