आल्स्टचा कार्निव्हल : उपवासकाळाच्या उंबरठ्यावरील तीन दिवस

राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेऊन आपण उपवासकाळात प्रवेश करतो. त्याआधीचे दिवस ख्रिस्ती जगतात अनेक ठिकाणी हास्यविनोदासाठी मोकळे सोडलेले असतात. गोव्याचा इंत्रुज आपल्या परिचयाचा आहेच. युरोपातील ज्या शहरांनी ही प्रथा जिवापाड जपली आहे, त्यांपैकी बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातील आल्स्ट या शहराची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

डेंडर नदीकाठचे आल्स्ट हे कापडगिरण्यांचे जुने शहर. तेथील कार्निव्हलची परंपरा सुमारे सहाशे वर्षांची मानली जाते. नगरपालिकेच्या वतीने मिरवणूक निघू लागली ती १९२३ साली. या उत्सवात भाग घेणे म्हणजे तीन दिवस नाचणे नव्हे. शेजारी, मित्र, सहकारी यांचे गट वर्षभर आधीपासून कामाला लागतात. विषय ठरवायचा, तो गुप्त ठेवायचा, प्रचंड चित्ररथ उभारायचे, पोशाख शिवायचे, आणि हे सारे नोकरीधंदा सांभाळून! गतवर्षातील गावच्या व जगाच्या घडामोडींची टिंगल हाच बहुतेकांचा विषय. नोंदणी केलेल्या मोठ्या गटांखेरीज हौशी मंडळीही आपापली सोंगे घेऊन सामील होतात.

रविवारी मिरवणूक निघते. कार्निव्हलचा राजपुत्र त्या दिवसांपुरता शहराचा प्रमुख होतो. सोमवारी बाजारचौकात हिवाळ्याची भुते हाकलण्यासाठी झाडूनृत्य होते. आल्स्टवासीयांना शेजारी 'कांदे' म्हणून चिडवतात. त्यांनी ते नाव अभिमानाने मिरवले आहे.

मंगळवार मात्र 'व्हॉइल जनेटन' म्हणजे 'मळकट जनेटबायां'चा. पुरुष जुने झगे, चोळीपट्टे व फरचे कोट चढवतात, डोक्यावर दिव्याची झडप घालतात, मोडकी छत्री आणि बाबागाडी घेऊन हिंडतात. हातातील पिंजऱ्यात पक्ष्याऐवजी खारवलेला हेरिंग मासा असतो. (उपवासकाळ तोंडावर आलेला असताना मासाच का, हे वाचकांनीच ताडावे.) पोशाख विकत घेण्याची ऐपत नसलेल्या गिरणीकामगारांनी बायकांचे टाकाऊ कपडे अंगावर चढवले, तेथून ही प्रथा आली असे सांगतात. ते दारिद्र्य काल्पनिक नव्हते. याच शहरात जन्मलेले फादर अडोल्फ डान्स (१८३९-१९०७) हे त्या कामगारांची बाजू घेऊन १८९४ साली संसदेत निवडून गेले आणि त्यापायी त्यांना स्वतःच्या महागुरुस्वामींचा रोष पत्करावा लागला.

या थट्टेला मर्यादा असावी काय? युनेस्कोने २०१० साली हा कार्निव्हल मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समाविष्ट केला होता. २०१९ च्या मिरवणुकीत एका चित्ररथावर वाकड्या नाकांच्या ज्यू पुरुषांचे पुतळे पैशांच्या थैल्यांसह दाखवण्यात आले. जगभरातून निषेध झाला, आणि डिसेंबर २०१९ मध्ये युनेस्कोने आल्स्टचे नाव यादीतून वगळले. त्याआधीच महापौरांनी आम्हीच हा मान सोडत आहोत, असे जाहीर केले होते. २०२० साली तशी सोंगे पुन्हा निघाली.

आल्स्टवासीयांचे म्हणणे असे, की येथे कोणाचीच गय होत नाही. राजा, मंत्री, धर्मगुरू सारेच थट्टेचे धनी. मग एकालाच सूट का? हा युक्तिवाद प्रामाणिक असेल, परंतु आम्हाला तो पटत नाही. राजा आणि मंत्री सत्ताधारी आहेत. याउलट आल्स्टपासून फार दूर नसलेल्या मेखेलनमधील लष्करी बराकीतून १९४२ ते १९४४ या काळात पंचवीस हजारांहून अधिक ज्यूंना आगगाडीत कोंबून नेण्यात आले; बहुतेकांचा प्रवास आउशविट्झला संपला. तशाच व्यंगचित्रांनी त्या आगगाड्यांची वाट मोकळी केली होती. आपल्या ख्रिस्तसभेलाही हा धडा गिरवावा लागला आहे. उत्तम शुक्रवारच्या प्रार्थनेतील ज्यूंना हिणवणारा शब्द पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ साली काढला, आणि १९६५ च्या 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्राने ज्यूद्वेषाचा स्पष्ट निषेध केला.

आल्स्टला जाण्याचा योग आल्यास मंगळवार चुकवू नये, असे आम्ही सुचवू. जनेटबाया हसतात त्या मुख्यतः स्वतःच्या फाटकेपणाला. त्याच रात्री चौकात कार्निव्हलची बाहुली जाळली जाते, आणि 'अजून एक रात्र' असा घोष करीत लोक घरी जाण्याचे टाळत राहतात.