खेळापूर्वीं अंग किती ताणावें?

फुटबॉलचा सामना सुरू होण्यापूर्वीं पटांगणाच्या कडेला एक देखावा हमखास दिसतो. एक मुलगा पाय लांब करून जमिनीवर बसतो, दुसरा त्याच्या पाठीवर दोन्ही हात देऊन त्यास पुढें दाबतो, आणि दाबला जाणारा जितका कळवळेल तितका व्यायाम उत्तम झाला असें दोघेहि समजतात. ताण किती जोराचा असावा आणि तो कोणत्या वेळीं द्यावा हे दोन निराळे प्रश्न आहेत. या समजुतींत दोहोंचेंहि उत्तर चुकतें.

स्नायूच्या तंतूंमध्यें सूक्ष्म संवेदक असतात. स्नायु एकाएकीं ताणला गेला म्हणजे ते मज्जारज्जूकडे वर्दी देतात, आणि स्नायु आपोआप आंखडतो. डॉक्टरांनीं गुडघ्याखालीं हातोडी मारतांच पाय उडतो तो याच योजनेमुळें. झटके देऊन वांकणाऱ्या मुलाचें बरेंचसें बळ अशा रीतीनें त्याच्याच स्नायूशीं झगडण्यांत खर्ची पडतें. शिवाय, कांहीं आठवड्यांच्या सरावानें जो लवचिकपणा येतो तो मुख्यतः स्नायु लांब झाल्यामुळें येत नसून, पूर्वीं असह्य वाटणारा ताण मेंदूस सोसवूं लागतो म्हणून येतो, असें अलीकडील अनेक शास्त्रज्ञांचें मत आहे. ही एक संवय आहे, आणि संवय दांडगाईनें लागत नाहीं. नर्तकांवर सहा आठवडे केलेल्या एका प्रयोगांत, ताणाची पराकाष्ठा दहा धरल्यास सुमारें तीन इतका सौम्य ताण देणारांना स्वतःच्या बळावर पाय उंच नेण्यांत लाभ झाला. आठपर्यंत जोर करणारे मागें राहिले.

मग सौम्य ताण सामन्यापूर्वीं दिला तर चालेल काय? येथें वेळेचा प्रश्न आड येतो. बेम व किबेल यांनीं २००७ सालीं कांहीं व्यक्तींच्या पायांचे स्नायु प्रत्येकीं ३० सेकंद, चार वेळां ताणून नंतर त्यांना उड्या मारावयास लावल्या. ताण पूर्ण जोराचा, पाऊण जोराचा व निम्म्या जोराचा असा तीन प्रकारें दिला होता; तिन्ही वेळां उडी खालावली. पुढें २०१६ सालीं बेम व त्यांचे सहकारी यांनीं पुष्कळ प्रयोग एकत्र पाहिले. एका स्नायूस एकंदर एक मिनिटापेक्षां अधिक वेळ स्थिर ताण दिल्यास त्यानंतरच्या शक्तीच्या कसोट्यांत सरासरी शेंकडा ४.६ इतकी घट आढळली. त्याहून थोडा वेळ दिल्यास ती शेंकडा १.१ इतकीच होती. उलट, पाय झुलविणें, गुडघे उचलीत धांवणें अशा हालत्या ताणानें थोडी वाढच झाली. हे आंकडे क्षुल्लक वाटतील. परंतु चेंडूपाशीं आधीं कोण पोहोंचतो हें पुष्कळदां अर्ध्या पावलावर ठरतें. आपल्या आखाड्यांतला पहिलवान कुस्तीपूर्वीं जोर-बैठका काढून अंग गरम करतो, तें या दृष्टीनें शहाणपणाचें आहे.

लवचिकपणा व्यर्थ आहे असा याचा अर्थ नव्हे. बेल्जममधील १४६ धंदेवाईक खेळाडूंची १९९९-२००० च्या मोसमापूर्वीं पाहणी झाली होती. मोसमांत ज्यांच्या मांडीचे स्नायु दुखावले, ते आधींपासूनच कमी लवचिक होते. पण ऑस्ट्रेलियांत दीड हजारांवर नव्या सैनिकांवर झालेल्या प्रयोगांत, कवायतीपूर्वीं स्नायु ताणल्यानें दुखापती उल्लेखनीय प्रमाणांत कमी झाल्या नाहींत. खरें संरक्षण बळांत आहे, आणि तेंहि स्नायु लांब होत असतां भार पेलण्याच्या बळांत. डेन्मार्कमध्यें ५० संघांतील ९४२ खेळाडूंवर याची परीक्षा झाली. खेळाडूनें गुडघे टेकावयाचे, सोबत्यानें घोटे धरावयाचे, आणि शरीर ताठ ठेवून, पडण्यास विरोध करीत, हळूहळू पुढें झुकावयाचें. हा व्यायाम करणाऱ्या गटांत मांडीच्या मागील स्नायूच्या १५ दुखापती झाल्या. जवळजवळ तेवढ्याच संख्येच्या दुसऱ्या गटांत ५२. फिफाच्या ‘इलेव्हन प्लस’ या वीस मिनिटांच्या व्यायामक्रमांतहि धांवणें, बळ, उड्या व तोल यांचेच प्रकार आहेत. २००७ सालीं नॉर्वेमध्यें १३ ते १७ वर्षांच्या मुलींच्या ज्या संघांनीं तो चालविला, त्यांत गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्यानें घटल्या.

पालकांनीं एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावें. मांडीच्या मागील स्नायु ज्या बैठकीच्या हाडास जोडलेले असतात, त्या हाडाचा तो भाग विशीच्या आसपास किंवा त्याहूनहि उशिरां पुरता सांधतो. तोंवर जोराच्या हिसड्यानें स्नायु न फाटतां हाडाचा तुकडाच सुटूं शकतो. दाबल्यावर वा लाथ मारतांना ‘कट्’ असा आवाज होऊन मुलास बसवेनासें झालें, तर चोळणाऱ्याकडे न नेतां क्ष-किरण चित्र काढवावें.

घरीं, खेळ नसेल त्या सायंकाळीं, ओढ जाणवेल पण श्वास अडखळणार नाहीं इतकाच ताण तीस सेकंद धरावा. आठवड्यांतून तीन-चार वेळां केलें तरी पुष्कळ. सामन्याच्या दिवशीं मंद धांव, मग हालते ताण, मग वेगाच्या दोन-चार लहान धांवा. बाकावर बसलेल्या राखीव खेळाडूचें अंग तोंवर पुन्हां थंड होतें. त्याला मैदानांत उतरविण्यापूर्वीं पांच मिनिटें कडेनें धांवूं द्यावें.