गाडीवरचा चिकटा : झाडाचा की किड्यांचा?

लालबाग, गिरगावच्या जुन्या चाळींत गाडीला छप्पर मिळणे दुर्मीळच. गाडी रस्त्याच्या कडेला आणि उन्हापासून वाचावी म्हणून झाडाखाली. सकाळी पाहावे तर टपावर, काचेवर बारीक चकचकीत थेंब; हात लावला की चिकटतो. ‘झाडाचा चीक पडला’ म्हणत मग कोणी रॉकेल शोधतो, कोणी थिनर आणतो. रंगाचे खरे नुकसान बहुधा इथेच होते. कारण अनेकदा तो चीक नसतोच.

दादर-माटुंग्याच्या रस्त्यांवर सावली धरणारे पर्जन्यवृक्ष मूळचे मध्य व दक्षिण अमेरिकेतले. गेल्या दशकात मुंबईत या झाडांवर पिठ्या ढेकणांचा प्रादुर्भाव झाला आणि अनेक झाडे वठली. पांढऱ्या कापसासारखे दिसणारे हे किडे सोंड खुपसून झाडाचा अन्नरस पितात. त्या रसात साखर भरपूर, पण वाढीला लागणारी नत्रयुक्त द्रव्ये अगदी थोडी. ती पुरेशी मिळवायची तर रस खूप प्यावा लागतो आणि जादा साखर पाण्यासकट बाहेर टाकावी लागते. तेच थेंब गाडीवर पडतात. ज्वारीवर मावा पडला की शेतकरी ज्याला ‘चिकटा’ म्हणतात, तो हाच प्रकार. आंबा मोहोरल्यावर तुडतुडेही असाच सडा घालतात. गाडीवर मुंग्या फिरू लागल्या तर शंका उरत नाही.

साखर पाण्यात विरघळते. त्यामुळे चिकट्याला लागते ते फक्त कोमट पाणी, गाडीचा शाम्पू आणि थोडा धीर. ओले मऊ कापड डागावर पाचेक मिनिटे ठेवावे, मग न घासता टिपून घ्यावे. सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसण्याची आपली पद्धत इथे सर्वांत वाईट. चिकट्यात रस्त्याची धूळ अडकलेली असते आणि फडके पॉलिश पेपरचे काम करते. रंगावरचा पारदर्शक थर साधारण केसाच्या जाडीपेक्षाही पातळ असतो. उन्हात चिकटा वाळून आकसला तर त्या थरावर डाग उमटतात, म्हणून तो शक्यतो त्याच दिवशी धुवावा.

झाडाचा डिंकही बहुतांशी पाण्याने फुगून सुटतो. वड, पिंपळ, उंबराचा पांढरा चीक मात्र वेगळा. तो वाळला की रबरासारखा होतो, पाण्याला दाद देत नाही. अशा डागावर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाला लावून अर्धा मिनिट टेकवावे, डाग मऊ झाला की टिपून लगेच धुवावे. आधी दाराच्या आतल्या कडेवर थेंबभर लावून पाहावे. नुकतीच रंगवलेली गाडी असेल तर गॅरेजवाल्याला विचारल्याशिवाय लावू नये. अल्कोहोल पेट घेते, तेव्हा इंजिन थंड, गाडी सावलीत, हातात मोजे आणि जवळ सिगारेट नको. धुतल्यावर तेवढ्या जागेवर वॅक्स पुन्हा लावावे, कारण अल्कोहोलने तेही निघते.

थिनर रंग मऊ करतो आणि दिव्यांच्या प्लॅस्टिकला तडे पाडू शकतो. पेट्रोलने गाडी पुसणे तर दाटीवाटीच्या वस्तीत आगीला आमंत्रणच. शिवाय वाफ नाकात जाते, कातडी कोरडी पडते ते वेगळेच. भांड्यांची तारेची घासणी आणि ब्लेड यांचे नावही काढू नये.

गाडी पुन्हा पुन्हा चिकट होत असेल तर एकदा वर पाहावे. फांद्यांवर पांढरा कापूस दिसला तर झाड आजारी आहे. म्हणून फांदी परस्पर तोडून चालत नाही. १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. तक्रार विभाग कार्यालयातल्या उद्यान खात्याकडे करायची. लालबाग-परळसाठी ते एफ दक्षिण, गिरगावच्या बऱ्याचशा भागासाठी डी विभाग.