मरळीला जिवंत गांडूळ

मासा पाळायचा म्हणजे आधी त्याचे पोट ओळखायचे. रोहू, मृगळ हे मासे गरीब. कोंडा आणि पेंड टाकली की त्यांचे भागते. मरळीचे तसे नाही. मरळ शिकारी आहे. बेडूक, किडे, लहान मासे हे तिचे खाणे. जे हलते, त्यावर ती झडप घालते. पाण्यात पडलेला कोंडा ती सहसा हुंगतही नाही.

मग शेततळ्यात मरळ सोडली, तर तिला घालायचे काय? गांडूळ घालावे. गांडूळ मऊ असते, त्याला काटा नाही आणि ते वळवळते. ते दिसले की मरळ धावलीच म्हणून समजा.

पण येथे एक हिशेब नीट समजून घेऊ. १ किलो ताज्या गांडुळांत सुमारे ८०० ग्रॅम नुसते पाणीच असते. उरले २०० ग्रॅम. त्यातला निम्म्याहून जास्त भाग मांस वाढवणारा. म्हणजे खाणे चांगले, पण थोडे. सगळे तळे नुसत्या गांडुळांवर पोसायला गेलो, तर रोज पाट्याच्या पाट्या गांडुळे लागतील. ती आणायची कुठून? कोणी म्हणेल, "शेतात काय कमी आहेत? खणा आणि काढा."

मंडळी, हे मात्र करू नका. गांडूळ हा शेतकऱ्याचा बिनपगारी गडी आहे. तो जमीन भुसभुशीत करतो. त्याच्या बिळांतून पाणी आणि हवा खाली जाते. मासा पोसायला शेत उपाशी ठेवले, तर कमावले काय? शिवाय फवारणी केलेल्या शेतातल्या गांडुळांच्या अंगात विष उतरलेले असते. ते विष माशात जाईल आणि माशातून आपल्या ताटात येईल.

म्हणून गांडूळ घरीच वाढवावे. सावलीत वाफा करावा. त्यात पालापाचोळा आणि जुने, मुरलेले शेण घालावे. ताजे शेण तापते, त्यात गांडुळे मरतात. वर ओले पोते झाकावे. ओल राहावी, पण पाणी साचू नये. कोंबड्या आणि मुंग्या यांपासून वाफा जपावा. खत शेताला होईल आणि वाढीची गांडुळे माशाला होतील.

गांडूळखताच्या वाफ्यात पुष्कळदा तांबड्या, पट्टेरी जातीचे गांडूळ असते. त्याला डिवचले की अंगातून पिवळा, घाण वासाचा रस सुटतो. कित्येक मासे ते तोंडात घेऊन थुंकून टाकतात. म्हणून पहिल्या दिवशी चार-पाचच घालून पाहावीत. मासा खात नसेल, तर दुसरी जात शोधावी.

घालण्याआधी गांडुळे एक दिवस ओल्या पोत्यात ठेवावीत. पोटातली माती निघून जाते. मग स्वच्छ पाण्याने धुवावीत. तळ्यात उधळू नयेत, चिखलात शिरतील. बारीक भोकांची टोपली पाण्यात टांगावी आणि तीत घालावीत. वेळ संध्याकाळची ठेवावी, जागा रोज तीच ठेवावी. साधारण २० मिनिटांत संपतील एवढीच घालावीत. उरली तर टोपली उचलून घ्यावी. उरलेले कुजते, पाणी नासते आणि मासे रोगी होतात. एका दिवसाच्या हावेने वर्षाची मेहनत बुडते.

आता मुख्य युक्ती सांगतो. गांडूळ हे मरळीला वळण लावायला वापरावे. पिले लहान असताना गांडुळाचे बारीक तुकडे करावेत. सुकटीचा भुगा आणि कोंडा भिजवून त्यात ते कालवावेत. वासाने पिले खाऊ लागतात. मग रोज गांडूळ थोडे कमी आणि भुगा थोडा जास्त करावा. हळूहळू मरळ तयार खाणे खाऊ लागते. घाई केली, तर पिले उपाशी राहतात.

आणि उपाशी मरळ काय करते? आपल्याच धाकट्या भावंडांना खाते. म्हणून लहान-मोठी पिले वेळोवेळी निवडून वेगळी करावीत. कटला-रोहूची बोटुकली असलेल्या तळ्यात तर मरळ मुळीच सोडू नये.

आणखी दोन गोष्टी. मरळ पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेते. तिला वर येऊ दिले नाही, तर ती पाण्यातच गुदमरून मरते. म्हणून तळे शेवाळाने किंवा जाळ्याने पुरते झाकू नये. आणि पावसाळ्यात ती ओल्या जमिनीवरून सरपटत निघून जाते. बांधावर सभोवार जाळी उभी करावी.

शिकारी जनावर पाळता येते. पण त्याची भूक आपण सांभाळावी लागते. ती सांभाळली, तर मरळ बाजारात जिवंत विकता येते आणि चार पैसे जास्त मिळतात.