कॅव्हन्साइट व पेंटागोनाइट : सूत्र एक, संरचना दोन

पुण्यानजीक वाघोली येथील दगडखाणींत, बेसाल्टाच्या पोकळ्यांमधून पांढऱ्या स्टिल्बाइटावर वाढलेले गडद निळे स्फटिक सापडतात. त्यांतील बहुतेक कॅव्हन्साइटाचे असतात, थोडे पेंटागोनाइटाचे. दोन्ही खनिजांचे वर्णन स्टेपल्स, एव्हन्स व लिंडसे यांनी १९७३ साली अमेरिकेतील ओरेगन राज्यातील नमुन्यांवरून केले. दोन्ही जलयुक्त कॅल्शियम व्हॅनेडियम सिलिकेटे असून त्यांचे रासायनिक सूत्र अक्षरशः एकच आहे. निळा रंगही दोहोंत व्हॅनेडियममुळेच येतो. तेव्हा रासायनिक पृथक्करण कितीही काटेकोर असले तरी येथे ते निरुपयोगी ठरते.

भेद आहे तो मांडणीत. दोहोंतही सिलिकॉन-ऑक्सिजनाची चतुष्फलके एकमेकांस जोडली जाऊन थर बनतात आणि व्हॅनेडियम व कॅल्शियम हे थर परस्परांस बांधतात. परंतु कॅव्हन्साइटाच्या थरात चार व आठ चतुष्फलकांची वलये आढळतात, तर पेंटागोनाइटाच्या थरात सहांची. दोन्ही स्फटिक समचतुर्भुजी वर्गाचेच आहेत.

पेंटागोनाइट हे नाव त्याच्या पंचकोनी ताऱ्यासारख्या छेदावरून पडले. स्फटिकाच्या आवर्ती जालकात पंचगुणी सममिती संभवत नाही, हे विद्यार्थी पहिल्याच वर्षी शिकतो. म्हणून हा तारा पाहून तो गोंधळल्यास नवल नाही. वस्तुतः तो एक स्फटिक नव्हेच. प्रचिनाच्या फलकांमधील कोन ७२ अंशांच्या अगदी निकट असल्याने पाच स्फटिक यमलनाने एकत्र येऊन वर्तुळ जवळजवळ पुरे करतात. तारा स्पष्ट दिसला तर ओळख सोपी. पण तो नेहमी दिसत नाही. वाघोलीचे कॅव्हन्साइट बहुधा गोलाकार गुच्छांत असते, हे खरे असले तरी केवळ आकारावरून चिठ्ठी लावणे धोक्याचे होय. चुकीच्या चिठ्ठीच्या नमुन्यावर केलेली सर्व मापने दुसऱ्याच खनिजाची ठरतात.

निर्णय क्ष-किरण विवर्तनाने होतो. ब्रॅग यांच्या नियमानुसार विवर्तनकोनावरून अणुप्रतलांमधील अंतर काढता येते. ११० या प्रतलांचे अंतर कॅव्हन्साइटात सुमारे ७.९६ अँगस्ट्रॉम, तर पेंटागोनाइटात सुमारे ८.३० अँगस्ट्रॉम असते. तांब्याच्या किरणांनी घेतलेल्या आलेखात (कोन दुप्पट धरून) या रेषा अनुक्रमे ११.१ व १०.७ अंशांजवळ येतात. फरक अर्ध्या अंशाहूनही कमी. तथापि नीट जुळवलेल्या यंत्रावर तो सहज ओळखता येतो. शिवाय पेंटागोनाइटाचे जालक एका फलकावर केंद्रित असल्याने त्यात १०१ ची रेषा उमटत नाही. कॅव्हन्साइटात ती सुमारे ६.८७ अँगस्ट्रॉमशी येते. मात्र त्याच्या शेजारीच ०२० ची रेषा असल्याने चूर्णाच्या आलेखात या दोन रेषा एकमेकींत मिसळतात.

रेषांच्या तीव्रतेवर मात्र विसंबू नये. पट्टीसारखे स्फटिक चूर्ण करूनही एकाच बाजूवर आडवे पडतात आणि काही रेषा अवास्तव ठळक होतात. याहून मोठी फसगत हूलँडाइटामुळे होते. निळा कण खरवडताना त्याचा अंश सोबत आला, तर त्याची स्वतःची रेषा सुमारे ७.९ अँगस्ट्रॉमशी उमटते आणि शुद्ध पेंटागोनाइटात कॅव्हन्साइट मिसळले आहे असा भास होतो. अशा वेळी ९ अँगस्ट्रॉमजवळची हूलँडाइटाची ठळक रेषा प्रथम शोधावी, आणि ती आढळल्यास सूक्ष्मदर्शकाखाली कण पुन्हा निवडून नवे चूर्ण करावे.